अठरा पेले

डलूथ, ९ फेब्रुवारी १९७७

लेम्पीआत्या,

तू पाठवलेला वेलदोड्याचा पाव पोचला. टपालवाल्यांनी त्याची वीट केली होती, तरी कॉफीत बुडवून मी तो दोन दिवसांत संपवला.

आज मी कामासाठी लिहितेय. हे आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील, पोरगी गोड बोलून शेवटच्या ओळीत हात पसरते. एकतीस वर्षं तू बोड्रींच्या औषधदुकानात सोड्याच्या काउंटरमागे उभी आहेस. अर्ध्या हॅनकॉक गावाला तू आइस्क्रीम-सोड्यातून एरंडेल पाजलं आहेस. आता मला सांग, कुजक्या अंड्यांचा वास मारणारं औषध माणसाच्या पोटात टिकवायचं कसं?

हसू नकोस. आमच्या इस्पितळात एक नवी चाचणी सुरू झालीय आणि औषधं मी बनवते, त्यामुळे ही कटकट माझ्या गळ्यात आहे. आपल्या यकृताच्या पेशीपेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. शरीर तो स्वतःच बनवतं. घरातली घाण उचलून बाहेर नेणारा गडी समज. डोकेदुखीच्या साध्या पॅरासिटामॉल गोळीतूनही यकृतात थोडंसं विष तयार होतं. हा गडी ते उचलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण कुणी भरमसाट गोळ्या खाल्ल्या की गडी संपतात आणि विष यकृतालाच जाळायला लागतं. वाईट म्हणजे पहिला दिवसभर माणूस चांगला हिंडता-फिरता असतो, त्यामुळे कुणाला खरं वाटत नाही.

मग ग्लुटाथायोनच का पाजत नाही, असं तू विचारणार. मीही डॉक्टर व्हिटकॉमना तेच विचारलं. ते म्हणाले, तो अख्खा पेशीच्या दारातून आत जात नाही. म्हणून त्याचा कच्चा माल द्यायचा, गंधक असलेला एक लहानसा तुकडा. तो आत शिरतो आणि पेशी त्याच्यापासून आपला गडी पुन्हा उभा करते. हे औषध आमच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून होतं, छातीतला कफ सुटायला देत असू. आता त्याला हे दुसरं काम मिळालंय. वास येतो तो गंधकाचाच. मी भाबडेपणाने म्हटलं, "मग गंधक काढून टाकता येणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "ज्या हाताने विष धरायचं, तोच हात तोडायचा म्हणतेस?"

तर दर चार तासांनी एक, असे अठरा पेले. तासाभराच्या आत उलटी झाली तर तो पेला पुन्हा. गेल्या महिन्यात हॉब्ज नावाचे एक न्हावी आले होते. फ्लूने अंग मोडलं म्हणून तीन दिवस मूठमूठ गोळ्या खाल्ल्या. आमचा प्रत्येक पेला त्यांनी बादलीत परत दिला. शेवटी घरी गेले म्हणा, पण माझा जीव मेटाकुटीला आला.

लवकर लिही.

करीन

*

हॅनकॉक, १४ फेब्रुवारी

पोरी,

एवढं शिकलीस आणि हे कुणी शिकवलं नाही? माणूस जिभेने पीत नाही, नाकाने पितो.

पेल्याला झाकण लाव. झाकणाला भोक पाड, भोकातून नळी घाल, आणि पेला माणसाच्या हातात देण्याआधी त्याचा वास खोलीत फिरू देऊ नकोस. तुम्ही लोक नक्की त्याच्या उशाशी बसून ढवळत असणार. बर्फ घाल, भरपूर. गार वस्तूला वास कमी. आणि "घ्या हं, थोडंसं वाईट लागेल" असं तोंड पाडून म्हणणाऱ्या नर्सला सुट्टीवर पाठव.

सेहेचाळीस साली पाद्री निएमींचं पोट आठ दिवस बंद होतं. एरंडेलाचं नाव काढलं की ते स्तोत्र म्हणायला लागायचे. मी त्यांना संत्र्याच्या सोड्यात दिलं, वर मलई, वर चेरी. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "लेम्पी, देवाची कृपा झाली. पण तो सोडा पुन्हा दे." दिला की! त्या रविवारी प्रवचन अर्ध्यात सोडून गेले.

तुझ्या औषधासाठी मी इथे प्रयोग लावलाय. कोबीचं तीन दिवसांचं पाणी घेतलं, वास अगदी तू म्हणतेस तसा. तिसऱ्या स्टूलवर तोइवो बसतो, खाणीतून निवृत्त झालेला, त्याला चाखायला लावलं. काळ्या कोलामध्ये त्याला फक्त "काहीतरी चुकलंय" इतकंच कळलं. पण बाटली नवी फोडायला हवी. उघडी राहिलेल्या बाटलीतला कोला मेलेला असतो, त्यात वास वर येतो.

जेवतेस ना नीट? अंगावर काही चढू दे. तुझा बाप तुझ्या वयात दाराच्या चौकटीत मावत नव्हता.

लेम्पीआत्या

*

डलूथ, २३ फेब्रुवारी

लेम्पीआत्या,

तुझं पत्र मी औषधखान्यात मोठ्याने वाचलं. पाद्र्यापाशी आल्यावर डोरीन नर्सच्या हातून ट्रे पडला.

आम्ही पाच जणांनी एकेक घोट चाखला. झाकण, नळी, बर्फ, नवी बाटली, सगळं तू सांगितल्याप्रमाणे. कोलाला तीन मतं, डब्यातल्या ग्रेपफ्रूटच्या रसाला दोन. डॉक्टर व्हिटकॉम म्हणाले, "यात काय एवढं?" आणि ऐटीत झाकण काढून एका दमात पेला रिकामा केला. नंतर वीस मिनिटं ते कुणालाच सापडले नाहीत.

ईस्टरला मी तुझ्याकडे येते. मला तुझ्या काउंटरमागे उभं राहून शिकायचंय. लहान असताना तू मला त्या उंच स्टूलवर बसवून गरगर फिरवायचीस, आठवतं? इथे सगळ्यांना मी सांगत असते, माझी आत्या हॅनकॉकचा सोडा-काउंटर चालवते म्हणून.

करीन

*

हॅनकॉक, २ मार्च

पोरी,

ईस्टरला नको येऊस. बोड्री काउंटरला रंग देणार आहे, सगळीकडे पसारा. शिवाय रस्त्यावर बर्फ माझ्या कमरेएवढा आहे. उन्हाळ्यात ये, तेव्हा बघू.

तुमच्या डॉक्टरला माझा आशीर्वाद सांग. पुरुषाला झाकण काढायची भारी हौस.

एक सांगायचं राहिलं. पेला रिकाम्या पोटावर आदळू नकोस. आधी सुका टोस्ट, चार घास. आणि पिणाऱ्याशी बोलत राहायचं, औषधाबद्दल सोडून कशाहीबद्दल. माझ्या काउंटरवर निम्मं काम बोलण्याने व्हायचं. होतं, म्हणजे.

तोइवोने आता कोबीचं पाणी प्यायला साफ नकार दिलाय. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल लाकडं फोडून देऊन गेला, म्हणजे राग गेला असावा.

लेम्पीआत्या

*

डलूथ, ३० मार्च

लेम्पीआत्या,

रविवारी वॉर्डातून खाली आले तर तू गेलेली. माझ्या खोलीवर चिठ्ठी, "पाव फडताळात आहे." एवढंच! तीन दिवस माझ्या इस्पितळात राज्य करून बाई बसने निघूनही गेल्या. तेव्हा आता जे तोंडावर बोलायचं होतं ते कागदावर ऐक.

आधी बातमी. थोर्लीफ ब्राटेन ठणठणीत आहे. परवाचं त्याचं रक्त बघून डॉक्टर व्हिटकॉम चक्क शीळ घालत जिन्यावरून गेले. यकृताला जेमतेम ओरखडा. काल त्याचा दुखरा दातही उपटला, ज्याच्यापायी हे सगळं रामायण झालं. माणूस एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या खातो आणि तिन्हींत एकच औषध असतं, हे त्याला कुणी सांगणार कसं? सरोवरातल्या त्याच्या मालवाहू जहाजाच्या इंजिनियरने सकाळी ते रिकामे डबे पाहिले आणि त्याला ओढत आणलं म्हणून वेळेत आला.

आता तुझ्याकडे वळते. गुरुवारी सकाळी त्याने पहिला पेला भिंतीवर उडवला. दुसरा ग्रेपफ्रूटच्या रसातून दिला, तो दोन मिनिटांत बाहेर. "बत्तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक करतोय," तो ओरडत होता, "असला वास आला की मी अख्खी पेटी सरोवरात फेकतो, आणि तुम्ही मला पाजताय?" उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं तेव्हा कसाबसा एक पेला टिकला. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर नाकातून नळी घालायची असं डॉक्टरांनी ठरवलं. त्यालाही तो हात लावू देईना. मी बोड्रींच्या दुकानात फोन लावला आणि म्हटलं, "आत्याला काउंटरवरून बोलवा, घाईचं आहे."

बोड्री म्हणाले, "करीन, काउंटर तर ऑक्टोबरातच उखडला गं. तिथे मी आता चष्मे विकतो. तुला लेम्पीने सांगितलं नाही?"

तुझ्या घरी फोनही नाही, हेही मला तेव्हाच कळलं. तो म्हातारा दुकान बंद करून तुझ्याकडे धावला आणि स्वतःच्या गाडीतून तुला इथवर घेऊन आला.

तू पत्रात बाटलीचा कोला लिहिलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. काउंटरवर कोला नळातून येतो. मी कशी इतकी मठ्ठ?

आणि आता माझंही ऐक. हॉब्ज न्हावी घरी गेले नाहीत. सहाव्या दिवशी ते वारले. त्यांची बायको माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुम्ही फार प्रयत्न केलेत." मला ते शिवी दिल्यासारखं लागलं. एक जरी पेला मला त्यांच्या पोटात ठेवता आला असता! म्हणून मी तुला ते पहिलं पत्र लिहिलं होतं. राजीनाम्याचा कागदही टाइप करून ठेवला होता.

आता सांग, गुरुवारी दुपारी पडद्याआड तू काय केलंस? मी वर आले तेव्हा तो तुझ्यावर खेकसत होता आणि पेला रिकामा होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "तुमच्या आत्याला विचारा, आमच्यातला धंद्याचा मामला आहे."

करीन

*

हॅनकॉक, ४ एप्रिल

करीन बाळा,

तुला माझ्यावर तोंडावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला रडणारी माणसं बसस्टॉपवर आवडत नाहीत, आणि त्यात मीही आले. म्हणून गेले.

आधी तो न्हावी. तूच मला पहिल्या पत्रात लिहिलंस, तो तीन दिवस गोळ्या खात होता. म्हणजे तुझ्या दारात आला तेव्हा घर आधीच जळून गेलं होतं. मी शनिवारी तुझ्या डॉक्टरला सरळ विचारलं, उशिरा आलेल्या माणसाला हे औषध वाचवतं का. तो म्हणाला, पहिल्या काही तासांत दिलं तर खरं काम करतं, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. हे तुलाही माहीत आहे. तू चांगली औषधवाली आहेस म्हणून तुला माहीत आहे, आणि चांगली पोरगी आहेस म्हणून तू ते मानत नाहीस. त्याची बायको खरंच बोलली. शिवी नव्हती ती. तिला एक पत्र लिही.

आता पडद्याआडची गोष्ट. मी गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पाळण्यातल्या बाळाशी बोलतात तसं बोलणार अशी त्याची समजूत. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "कुक तुम्हीच ना? मी सोडा-काउंटरवाली. या पोरींना मी एक कृती शिकवली होती, ती बिघडलीय. चाखून सांगा, काय कमी आहे."

"कमी?" तो उठूनच बसला. "बाई, यात जास्त आहे! मेलेलं आहे काहीतरी!"

"ते काढता येत नाही. तेच तर औषध."

"मग फेकून द्या."

"समजा सरोवराच्या मधोमध आहात. पिपात एवढंच उरलंय आणि सत्तावीस माणसं ताटं वाजवतायत. तेव्हाही फेकाल?"

त्याने पेला हातात घेतला. मग नाक मुरडून झाकणाच्या भोकाशी नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. "हा रस डब्यातला आहे," तो म्हणाला. "पत्र्याची चव त्या घाणीला उचलून धरते. कुठल्या गाढवाने घातला?" मी म्हटलं, "माझ्या भाचीने." तुला माहीत असावं म्हणून सांगते. "आलं घातलेला सोडा आणा. लिंबू आणा, रस नको, साल किसून. बर्फ असला खडे-खडे नको, चुरा. आणि चिमूटभर मीठ."

"मीठ? सोड्यात?"

"बाई, एकतीस वर्षं तुम्ही काय विकलंत?"

बोड्री खाली गाडीत बसून होता. मला वेळेत आणून सोडलं म्हणून त्याचं अर्धं पाप फिटलं असं त्याला वाटत होतं. उरलेल्यासाठी मी त्याला आलं आणि लिंबं आणायला पिटाळलं. औषध डोरीनने तिच्या मापाने मोजून दिलं, बाकी मी केलं. थोर्लीफने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मीठ जास्त. तुमचा हात जड आहे." दुसरा घोट. "साल अजून." तिसरा. असं करत करत पेला संपला. तो औषध पीत नव्हता, चव बघत होता. तू आलीस तेव्हा तो मला बर्फ कसा फोडायचा ते शिकवत होता. आणि पोटात राहिलं! कुक स्वतःच्या हातचं कधी ओकत नाही.

तिसऱ्या पेल्याला त्याला माझी लबाडी कळली होती. चाखायला लावून पाजतेय हे कळूनही तो पीतच राहिला. शुक्रवारी सकाळी नर्स बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "खरं सांगा. मी मरतोय का?" मी म्हटलं, "अठरा प्यायलात तर जहाजावर जाल. पाच झाले." मग त्याने विचारलं, "तुमचा काउंटर कुठेय? एकदा येऊन बघतो, मीठ कुठे ठेवता ते."

आणि मी त्याला सांगितलं. जे तुला सहा महिने सांगितलं नाही ते एका परक्या नॉर्वेजियन माणसाला पट्‌दिशी सांगितलं. ऑक्टोबरात दोन माणसं आली, दुपारपर्यंत स्टूलं उपटून नेली. लादीवर नऊ भोकं राहिली. बोड्रीने मला चष्म्यांच्या गल्ल्यावर बस म्हटलं होतं. मी म्हटलं, मला लोकांच्या डोळ्यांत बघायची सवय आहे, डोळ्यांवर काय चढवायचं ते नाही कळत. घरी आले. तुला लिहायला बसले की "माझी आत्या काउंटर चालवते" हे तुझं वाक्य आठवायचं आणि पेन दुसरंच काहीतरी लिहायचं. तोइवोला मी माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टूलवर बसवत होते. तीनच आहेत, म्हणून तिसरं. तेवढं खोटं नव्हतं.

थोर्लीफने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जहाज मोडीत काढलं तरी कुक मोडीत जात नाही. चला, सहावा करा."

रागावली असशील तर सगळं लिहून काढ. पान पुरलं नाही तर मागच्या बाजूला लिही.

लेम्पीआत्या

*

डलूथ, १५ एप्रिल

आत्या,

रागावले होते. तुझं पत्र तीनदा वाचलं, आता नाही. हॉब्जबाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं, आणि सोबत त्यांच्या नवऱ्याचा एक फोटो, दुकानात कात्री घेऊन हसताना. तो मी औषधखान्यात लावलाय. राजीनाम्याच्या कागदाचे तुकडे करून टाकले.

सोमवारी एक बाई आल्या. पाठदुखीच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या आणि रात्रीचं गरम चूर्ण, तिन्हींत तेच. तुम्हा दोघांची आल्या-लिंबाची कृती दिली. अठराच्या अठरा पेले पोटात! अकराव्याला त्या म्हणाल्या, "वाईट आहे, पण प्यायची सवय लागेल असं वाईट आहे." डॉक्टर व्हिटकॉमनी चाचणी चालवणाऱ्या मंडळींना ती कृती टाइप करून पाठवली. मीठ किती यावर ते आणि मी अर्धा तास भांडलो.

आता नीट बसून वाच. आमच्या मुलांच्या वॉर्डात निम्मी औषधं चादरीवर सांडतात. स्वयंपाकघराच्या प्रमुख अ‍ॅमंडसनबाई तू आलीस तेव्हा दारातून सगळं बघत होत्या. त्यांनी मला काल थांबवलं. "तुमच्या आत्याला विचारा," म्हणाल्या, "आमच्याकडे येतील का? मुलांना आणि खायला नाही म्हणणाऱ्या पेशंटांना सांभाळायला. काउंटर नाही आमच्याकडे, चाकांची गाडी आहे." मी काही कबूल केलं नाही. तुझ्या वतीने उत्तर द्यायला मला भीती वाटते. पण माझ्या शेजारची खोली पंचवीस तारखेपासून रिकामी होतेय आणि तिला दोन खिडक्या आहेत.

आणखी एक. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी थोर्लीफ आला, कागदात गुंडाळलेला धुरावलेला मासा घेऊन. माझ्यासाठी आणलाय असं म्हणाला आणि दारात उभा राहून तुझा पत्ता मागितला. दाढी केली होती, आत्या. टायही होता. मी पत्ता दिला.

करीन

*

हॅनकॉक, १९ एप्रिल

पोरी,

पत्ते वाटायला तुला कुणी सांगितलं? त्याचं कार्ड काल आलं, सरोवराच्या पलीकडच्या टोकाच्या बंदरातून. "सत्तावीस जणांना आल्याचा सोडा पाजला, सगळे जिवंत. मीठ तुमच्या हातचंच बरोबर होतं. मी उगाच बोललो." खाली सही, आणि सहीखाली जहाज परत डलूथला कधी लागणार त्या तीन तारखा. मी उत्तर लिहिलंय, काय ते तुला सांगणार नाही. आता खोटं बोलणार नाही, पण गप्प राहायला बंदी नाही.

अ‍ॅमंडसनबाईंना मी आजच परभारे कळवलं की येते. दोन अटी घातल्या. गाडीची चाकं वाजायला नकोत, आजारी पोरांना लांबूनच कळतं की औषध येतंय. आणि बर्फाचा चुरा मी स्वतः करणार.

मला भीती वाटली, करीन. त्रेसष्टाव्या वर्षी दुसऱ्या गावी जाऊन परक्या पोरांपुढे नळी घातलेला पेला धरायचा. सकाळी बोड्रीच्या दुकानात गेले, त्या नऊ भोकांवर उभी राहिले. त्याने त्यांच्यावर सतरंजी टाकलीय. एक बाई चष्मा लावून आरशात बघत होती. मी तिला म्हटलं, "हा नको, तो गोल घे, चेहरा हसरा दिसतो." तिने घेतला. बोड्री म्हणाला, "लेम्पी, अजूनही बसायचं असेल तर..." मी म्हटलं, "क्लॅरन्स, आता उशीर झाला, मला मुलांचा वॉर्ड मिळालाय." हे तोंडाने म्हटलं तेव्हा कुठे मलाच खरं वाटलं.

घर तोइवो बघेल. मांजर त्याच्याकडे तसंही रोज जेवतं. एक ट्रंक, कॉफीचं भांडं आणि पाव भाजायचे दोन पत्रे एवढंच आणतेय. खोलीच्या कुठल्या खिडकीतून बंदर दिसतं ते आत्ताच बघून ठेव, पलंग त्या बाजूला हवा. का, ते विचारू नकोस.

येत्या मंगळवारच्या बसने निघते. या पत्राला उत्तर लिहू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा घरात फक्त मांजर असेल.

लेम्पीआत्या